दुपारी वाजणारी व्हॅन

आमची मुलगी दीड महिन्याची होती, तेव्हा आमची व्हॅन दुपारी वाजायला लागली.

जुनीच व्हॅन, पण मी हौसेने घेतली होती. मागच्या सीटा काढून सुताराकडून पलंग करून घेतला, खिडक्यांना पडदे लावले. नागपूरला जाताना बाबांना पाय पसरून झोपता यावं, एवढाच हेतू. येरवड्यातल्या आमच्या गल्लीत ती रस्त्यावरच उभी असायची, म्हणून चोरीचा अलार्मही बसवला.

मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचो. दुपारी बायकोचा फोन यायचा, "परत वाजली. बाळ उठलं. बाबा खालीच होते, त्यांनी बंद केली."

मेकॅनिकने आधी दाराचं बटण बदललं, मग धक्क्याने वाजणारा सेन्सर मंद केला. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोंब. एका रविवारी मी स्वतः व्हॅन कुलूपबंद करून तिला दणादण धक्के मारले. ती ढिम्म.

शेवटी समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला गाठलं.

"अहो, तुमचा चोर फार सभ्य आहे. रोज जेवून येतो आणि चपला बाहेर काढून आत जातो."

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून घरी आलो. व्हॅनच्या दाराशी बाबांच्या चपला होत्या. मी काचेवर टकटक केली. बाबा दचकून उठले आणि व्हॅन आम्हा दोघांवर किंचाळली.

ती बंद करून मी आत बसलो. बाबांना खोकल्याची उबळ आली होती. ती ओसरल्यावर म्हणाले, "वर खोकलो की पोरगी उठते. सूनबाईला रात्रीची झोप नाही, दुपारची तरी मिळू दे. मी इथे हलतसुद्धा नाही रे. पण खोकला काय सांगून येतो?"

"मग सांगायचं ना, बाबा."

"सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, आपल्यामुळे म्हातारा घराबाहेर झोपतो."

दार लावलं की मिनिटभरात अलार्म आपोआप चालू व्हायचा आणि आत कोणी हललं की वाजायचा. मी तपासलेली व्हॅन दर वेळी रिकामी होती. मेकॅनिकने आतल्या हालचालीचा सेन्सर दहा मिनिटांत बंद करून दिला.

बायकोला सगळं सांगितलं. रात्री जेवायला वाढताना ती बाबांना म्हणाली, "उद्यापासून तुम्ही वरच झोपायचं. खोकल्याने उठली तर उठू दे. तिचेच आजोबा आहात." तिचे डोळे भरले होते. बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

पंधरा दिवसांत खोकला गेला. त्यानंतरच्या रविवारी जेवण झाल्यावर बाबा उशी घेऊन निघाले.

"आता कुठे?" मी विचारलं.

"व्हॅनमध्ये. तुम्ही दोघं फार बोलता."