सात नंबरचा दिवा

"सात नंबर अजून बसलेलाच आहे," साहेब म्हणाले.

दुपारचा एक वाजला होता. सगळा हॉल जेवायला गेलेला. साहेबांच्या केबिनमधल्या पॅनलवर मात्र सात नंबरचा दिवा जळत होता.

पॅनल माझं. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होतो. अकाउंट्सची माणसं दिवसभर बसून कंबर धरायला लागली, तेव्हा मी फुशारकीने पुढे सरसावलो. प्रत्येक खुर्चीच्या गादीखाली मायक्रोस्विच बसवला, म्हणजे दाबलं की चालू होणारं चिमुकलं बटण. माणूस बसला की दिवा लागणार. पन्नास मिनिटं सलग राहिला, की साहेब फोन करून त्याला उठवणार. चाचणी मी वर्कशॉपमधल्या कोऱ्या खुर्चीवर घेतली. अक्कल तिथेच संपली.

सात नंबरवर गुंडूराव बसायचे. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. साहेब नवे होते. आठवडाभर ते फोन करत आणि अण्णा सांगत, "उभाच आहे, सर." दिवा जळतच असे.

"तोंडावर खोटं बोलतो हा माणूस. तुमचं मशीन चुकतंय का?"

"छे, सर!" मी म्हणालो होतो.

आज अण्णांना कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. "बोलवा त्यांना," साहेब म्हणाले.

हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. पंखे गरगरत होते. सात नंबरची खुर्ची टेबलाशी सरकवलेली, कुणी लिहायला बसावं तशी. आणि रिकामी. मी तिथलाच फोन उचलला.

"सर, दिवा?"

"चालू आहे. उठतायत का?"

"सर, इथं कुणी नाहीच."

पलीकडे रिसीव्हर खाडकन आपटला. मी गादीवर हात ठेवला. कोमट होती! (खिडकीतून ऊन येतं, हे मला नंतर सुचलं.)

"हात नको लावू रे तिला!"

मी किंचाळलो. दारात अण्णा उभे, हातात धुतलेला डबा.

"कामतांची खुर्ची ती. वीस वर्षं चहालासुद्धा उठले नाहीत. गेल्या साली गेले, ते तिथंच बसल्या बसल्या. मी उभ्यानंच लिहितो. पाय दुखले तर स्वल्प काठावर टेकतो."

मी तरीही गादी उलटलीच. फोम पार मेला होता. एका माणसाच्या बैठकीचा खोल खड्डा, आणि त्या खड्ड्याचं बूड स्विचवर दाबून बसलेलं. कुणी बसो न बसो, दिवा चालूच.

साहेब पत्र हातात घेऊन धापा टाकत आले.

"सर, चूक माझी," मी म्हणालो. "अण्णा खरंच उठतात. उठत नाहीत ते कामत."

साहेबांनी पत्र फाडलं.

पॅनल त्याच दिवशी उतरवलं. पण गोष्ट हॉलभर झाली होती. त्यानंतर तासभर सलग कुणी बसेना, नवी गादी आली तरीही. साहेबांनी रिपोर्टात यशाचं श्रेय माझ्या यंत्राला दिलं, आणि मी ते निमूटपणे घेतलं. शिकलो एवढंच की बसणाऱ्यांवर पहारा ठेवणारं यंत्र आधी त्यांच्याच जुन्या, रिकाम्या खुर्चीवर तपासावं. तेही कुणीतरी सोबतीला घेऊन.