गाडीपाशी थांबलेली आई

माझ्या आईवर अन्याय झाला तो जानेवारी २००६ मधल्या एका शनिवारी, दुपारी दोन वाजता, दक्षिण बेटावरच्या हिमनदीच्या कार पार्कमध्ये. आज वायपरचं रबर बदलताना त्या वासानं मी पुन्हा तिथे जाऊन उभी राहिले.

उत्तर बेटावरच्या हॅमिल्टनमधल्या आमच्या घरून निघून आम्ही तीन दिवस गाडीतच होतो. बाबा सारखे घड्याळ बघत होते, अंधाराआधी पुढचं मोटेल गाठायचं होतं. तेवढ्यात एक किआ, तिथला हिरवा दांडगट पोपट, टपावर उतरला आणि खिडकीचं रबर सोलायला लागला.

"गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं," बाबा म्हणाले. कुणीतरी म्हणजे कोण, हे आमच्या घरात कधी विचारावं लागलं नाही.

"जा तुम्ही, मी पुढच्या वेळी बघेन," आई म्हणाली आणि छत्री उगारून किआकडे वळली. "काय रे मेल्या, घरी जेवायला घालत नाहीत का?"

आम्ही हसत निघालो. मी नऊ वर्षांची होते. बर्फासमोरच्या दोरीला रेलून निळ्या भेगांमधला गारवा तोंडावर घेतला. परतल्यावर आईनं विचारलं, "कसा होता गं बर्फ?"

"स्वीट ॲज," शाळेतल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास', एवढंच म्हणून मी चिवड्याचा डबा उघडला.

गेल्या वर्षी तिला मुद्दाम घेऊन गेले. बर्फ डोंगरात इतका मागे गेलाय की वाट दगडगोट्यांतच संपते.

"एवढाच होता?" तिनं विचारलं.

तुमच्या पुढच्या सहलीत गाडीपाशी कोण थांबणार, ते आजच ठरवा. आईचं नाव सोडून.