मावशी हलायची नाही

माझी मावशी नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण कामावर असताना खरोखरची माशी नाकावर बसली, तरी तिची पापणी लवायची नाही. चित्रकलेच्या शाळेत विद्यार्थ्यांसमोर बसणं हेच तिचं काम होतं. लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची, खुर्चीत मावशी. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाला तरी मास्तर 'पुरे' म्हणेपर्यंत ती हलायची नाही. पोरं तिला 'खांब' म्हणायची आणि तिला ते मनापासून आवडायचं. नातेवाईकांचं मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. "कपडे घालून बसते ना गं ती?" असं एका आत्याबाईंनी माझ्या आईला विचारलं, तेव्हा मावशीनं भर पंगतीत उत्तर दिलं, "कपडे घालून बसते, आणि तोंड मिटून बसते. तुम्हाला नाही जमायचं."

ती चौथऱ्यावरून उतरली की थेट घरी यायची. काढलेलं चित्र कधी बघायची नाही. बघितलं की दुसऱ्या दिवशी माणूस चित्रासारखं दिसायला बसतो, म्हणायची.

काका लवकर गेले. त्यांच्या माघारी मुलगी झाली, आणि सात महिन्यांची होऊन तापानं तीही गेली. तिचा फोटो नाही. आज काढू, उद्या काढू करता राहून गेला. अंगावर पिणारं मूल म्हणून मावशी तिला कामावर नेत असे, आणि मास्तरांनी तेव्हा दोघींचं एक चित्र केलं होतं. तेही मावशीनं नेमाप्रमाणे पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी मटार सोलता सोलता ती मला म्हणाली, "अगं, मला तिचा चेहराच आठवेनासा झालाय. नाक आठवतं. पण ते माझंच असेल."

मास्तर वारल्यावर त्यांची चित्रं जुन्या शहरात, चित्रकारांच्या वस्तीतल्या दुकानांत विखुरली होती. मावशीनं बसचा पास काढला. दर आठवड्याला ती एकटी निघायची. तटाच्या वेशीतून आत शिरताना बस आरसे मिटून घेतल्यासारखी अंग चोरते, मग मूर्तिकारांची गल्ली, मग ठसे कोरणारे, मग चौकटी करणाऱ्यांची रांग. प्रत्येक खेपेला ती वेगळ्या थांब्यावर उतरायची, काचेला नाक लावून बघायची आणि पुढच्या बसनं परत यायची. तीन-चार ठिकाणी तिला स्वतःचं चित्र भेटलं. "एकात मी बरी दिसते," एवढंच तिनं सांगितलं. तिच्यासोबत जायला कुणाला वेळ नव्हता. मलाही ऑफिस होतं.

मग एका चौकटवाल्यानं तिला सांगितलं, मास्तरांचं एक आई-लेकराचं चित्र नव्या चौकटीसाठी आलंय. त्या दिवशी ती पहिल्यांदा मला म्हणाली, "तू चल. एकटीला नाही बघवायचं."

बसमध्ये ती नेहमीसारखी ताठ, समोर बघत बसली. हातातली कापडी पिशवी मात्र सारखी पिळत होती.

दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास होता. चौकटवाल्यानं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. मावशी होती. तरुण, हनुवटी वर, बाहीवरचं ठिगळसुद्धा जसंच्या तसं. मांडीवर बाळ. बाळाची मूठ सुरेख उतरली होती, पावलंही. आणि मानेच्या वर नुसता तपकिरी रंगाचा धब्बा.

"चेहरा अपुरा राहिलाय," चौकटवाला ओशाळून म्हणाला. "काढून काढून पुसलेला दिसतो."

माझं डोकंच फिरलं. "एवढे मोठे मास्तर, आणि एक चेहरा जमू नये?"

मावशी त्या धब्ब्याजवळ वाकली. खूप वेळ तशीच राहिली. मला वाटलं आता रडेल.

"त्यांची काय चूक," ती म्हणाली. "ती एक घडी स्थिर बसेल तर ना. सारखी मान वळवून माझ्याकडे बघायची. मास्तर खुळखुळा वाजवायचे, तरी पुन्हा माझ्याकडेच."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी समोर बघत होते. मला हलायचं नव्हतं ना."

चौकटवाल्यानं स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. त्याचे आभार मानून बाहेर पडली आणि थांब्याकडे चालू लागली. मला तिच्या मागं पळावं लागलं.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. पण तिनं बाहेर पाहिलं नाही, समोरही नाही. मान खाली घालून ती मांडीवरच्या रिकाम्या पिशवीकडे बघत होती. आमचा थांबा आला तेव्हा मी तिला दोनदा हाक मारली.