जेलसमोरच्या कार्मेन आजी

लॉकडाऊनमधला एक रविवार, सिडनीचं पॅरामॅटा उपनगर. व्यायामापुरतं बाहेर पडायची परवानगी होती, म्हणून मी जुन्या जेलच्या दगडी भिंतीला चक्कर मारायला निघालो. ते जेल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती... आत सगळी सामसूम.

समोरच्या घरात कार्मेन आजी राहायच्या. मूळच्या माल्टाच्या, वय ऐंशीच्या पुढे. रोज फाटकातून हात हलवायच्या, बस. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "मास्कमधूनही दिसतंय, काहीतरी बिनसलंय तुझं."

मग मी सांगून टाकलं. एप्रिलमध्ये साताऱ्यात बाबा गेले, कोविडने. फ्लाइट्स बंद, मी इथेच अडकलेलो. आई घरात एकटी... रोज व्हिडिओ कॉल करायचो, पण "जेवलीस का?"च्या पुढे गाडी जायचीच नाही. मग मीच मीटिंगचं निमित्त सांगून फोन ठेवायचो.

 आजी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझा नवरा सहा वर्षं आत होता."

दारूच्या भरात त्याने एकाला जबर मारलं होतं. चूक त्याचीच, हे त्यांनी लपवलं नाही. त्याच्याजवळ राहता यावं म्हणून त्यांनी हे घर भाड्याने घेतलं. तो आत असतानाच त्यांची तीन वर्षांची मुलगी तापाने गेली... दर रविवारी भेट व्हायची, पण तिचं नाव दोघंही टाळायचे. "बरी आहेस?" "बरी आहे." वर्षभर एवढंच.

"एका रविवारी त्यानेच विचारलं, निरोप देताना तिला कुठला फ्रॉक घातला होतास? मी सांगत गेले... वेळ संपल्याची घंटा झाली तरी आमचं संपेना."

घरी येऊन आईला फोन लावला. म्हटलं, "आई, बाबांच्या शेवटच्या दिवसाचं मला सांग ना."

 ती म्हणाली, "अरे, ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मला काय म्हणाले माहितीये? टाकी भरली की मोटर बंद कर..." आणि हसली. हसता हसता रडायला लागली. मीही रडलो. त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो.

बॉर्डर उघडायला पुढे कित्येक महिने लागले. आईच्या कुशीत शिरायची ओढ त्या फोनने कमी झाली नाही, उलट वाढलीच... पण बाबा गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही दोघांनी मिळून त्यांना निरोप दिला. थँक यू, कार्मेन आजी.