मटारच्या शेंगा आणि राखून ठेवलेला निकाल

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मटार सोलणं. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घराची पायरी, तिच्यावर मी, माझी बायको आणि तिचा थोरला भाऊ. त्या मटारांवरूनही मेहुण्यानं खटला भरलाच. असा माणूस उभ्या काशीत दुसरा नाही. जन्मभर सेशन कोर्टात पेशकार होता, म्हणजे जजसाहेबांच्या खाली बसून फायली पुढे करणारा. खुनाचे खटले ऐकून ऐकून त्याला घरातली कुठलीच गोष्ट साधी दिसत नसे. मी चौथी शिकलेला आचारी, मला कायदा कळला तो त्याच्याच तोंडून.

एकदा माकडानं माझा चष्मा पळवला. मी बोट दाखवून ओरडलो, "तोच तो!" तर हा म्हणतो, "भावोजी, कठड्यावर अकरा बसलेत. ओळखीची शिनाख्त परेड झाली का? आणि चष्म्याशिवाय तुम्हाला दिसलं काय?" माकड सुटलं, चष्मा गंगेत गेला. एकदा त्याच्या वाटणीचं श्रीखंड आम्ही नवराबायकोनं संपवलं. हिच्या ओठाला केशर लागलेलं, तरी हा दोघांना समोर बसवून विचारतो, "साजिश होती का?" मी म्हटलं, "दिसतंय की!" "दोघं एका पाटावर बसले म्हणून कट होत नाही. आधी ठरलं होतं का, आणि काय करायचं ठरलं होतं, ते दाखवा. शक कितीही काळा असो, तो पुरावा नव्हे. कडीला कडी जुळली पाहिजे." मग उठायचा. निकाल नेहमी दुसऱ्या दिवशी, गंगास्नान करून आल्यावर. ही म्हणायची, "दादा, तुझ्या कोर्टात श्रीखंडाचं ताक होईल!"

तर मटार. टरफलं ढीगभर, दाणे मूठभर. सोलता सोलता खाल्ल्याचा आरोप हिच्यावर. ही हसली आणि हसता हसता छातीवर हात दाबला. त्यानं विचारलं, "काय गं?" "पित्त रे दादा." मी परातीत बघत राहिलो. दोन दिवसांपूर्वीच ती मला म्हणाली होती, "अहो, छातीत दुखतंय. दादाला सांगू नका, तो लगेच इस्पितळात टाकेल. संक्रांतीचं हळदीकुंकू होऊन जाऊ दे." मी बरं म्हटलं होतं. त्या दिवशी मेहुणा निकाल राखून ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच ही गेली. मणिकर्णिकेला मीच अग्नी दिला.

तेराव्यानंतर मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "दादा, मला ठाऊक होतं. मीच मारलं तिला. द्या काय द्यायची ती शिक्षा."

त्यानं मला समोर बसवलं. मग कोर्टातल्या आवाजात म्हणाला, "नुसत्या कबुलीवर शिक्षा होत नाही. दोघांत ठरलं होतं?"

"हो."

"काय ठरलं होतं? तिनं मरायचं?"

"नाही हो. हळदीकुंकू व्हायचं."

"लिहून घेतलं," तो म्हणाला. हातात कागद नव्हता. "निकाल उद्या."

भाऊ होता तो तिचा. मला सोडेलच असं नव्हतं, आणि सोडू नये असंही वाटत होतं.

सकाळी तो ओल्या धोतरानं आला, काखेत मटारची पिशवी. पायरीवर बसला. "भावोजी, हा खटला माझ्यापुढे चालणार नाही. तिचा हात छातीवर गेलेला मीही पाहिला. पित्त म्हणाली, मी मानलं. जन्मभर साक्षी ऐकल्या, आणि सख्ख्या बहिणीची उलटतपासणी केली नाही. मी गवाह आहे. गवाहानं निकाल द्यायचा नसतो."

मी आतून परात आणली. त्यानं पहिली शेंग फोडली, दाणे हातात धरले.

"मटारचा मात्र देतो. खाल्ले तिनंच. मी मोजत होतो." मग म्हणाला, "संशयाचा फायदा देऊन सोडली."

आणि हातातले दाणे परातीत न टाकता, ती बसायची त्या जागेवर ठेवले.