भागीबाईंचा बोर्ड

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला वळणावर एक कडुनिंब आहे आणि त्याच्याखाली भागीबाईंची भाकरीची गाडी. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं दाट कालवण म्हणजे भुजं, आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची चटणी. ज्यानं ती चटणी एकदा चाखली तो दुसऱ्या दिवशी घरचा डबा मुद्दाम विसरून येतो. अर्थात, हे इथे लिहिणाऱ्याला सांगावं लागतंय. खुद्द भागीबाईंना विचारलं असतं तर तव्याकडे बघत त्या म्हणाल्या असत्या, "काय नाय, साधंच हाय."

हा त्यांचा आजार होता. कुणी कौतुक केलं की बाईंना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. "मावशी, भुजं झकास झालंय," असं कुणी म्हणालं की लगेच, "आज मीठ जरा कमीच पडलं." भाकरी मऊ आहे म्हटलं तर, "पीठ बरं होतं, माझं काय त्यात." आणि नवं गिऱ्हाईक गाडीजवळ घुटमळून "मावशी, आज काय खास?" असं विचारी, तेव्हा बाई सगळ्या प्रामाणिकपणानं सांगत, "खास काय नाय." ते गिऱ्हाईक मग भल्या मनानं रस्ता ओलांडून समोर जाई.

समोर ललित होता. मागच्या दिवाळीपासून त्यानं तिथे गाडी लावली होती आणि तीही नागलीचीच. नागलीला आता शहरात भाव आलाय, हे त्याला बरोबर कळलं होतं. सावलीतसुद्धा गॉगल, गळ्यात अडकवलेला छोटा माइक, आणि गाडीवर पुरुषभर उंचीचा स्वतःचा फोटो. भाकरी त्याची कडेला कच्ची राहायची, पण तो ती अशा थाटात वाढायचा की खाणाऱ्याला वाटावं, आपल्याच दातांत काही बिघाड आहे.

गिऱ्हाईक रोज थोडं थोडं पलीकडे सरकत होतं आणि भागीबाई रोज उरलेल्या भाकऱ्या मोजत होत्या. कारण ही गाडी बंद पडली तर पुढे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. भाताची कापणी उरकली की सुरगाण्याकडचं घर बंद करायचं, भांडीकुंडी पोत्यात भरायची आणि द्राक्षबागांच्या मजुरीला निघायचं. दरवर्षी नवा मालक, नवा बांध, तोच प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर. लग्नानंतरची उमेदीची वर्षं त्यांनी आणि झिपरूनं तशीच काढली होती. झिपरूला कारखान्यात सामान चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं, बाईंनी गाडी टाकली, तेव्हा कुठे वर्षभर एकाच चुलीवर स्वयंपाक होऊ लागला. ती चूल भागीबाईंना सोडायची नव्हती. पण त्यासाठी ओरडायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं.

मार्ग काढला उज्वलाताईंनी. उज्वलाताई जवळच्याच एका कंपनीच्या ऑफिसात होत्या. कामगारांचा आत्मविश्वास वाढवायची शिबिरं भरवणं हे त्यांचं काम, त्यामुळे वाढवायला आत्मविश्वास कमी पडला की त्या तो रस्त्यावरही शोधत.

"मावशी, तुमचा ब्रँडच नाही," त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या.

"संपला का? उद्या आणते."

"अहो, ब्रँड म्हणजे तुम्ही. तुमचा चेहरा, तुमचं नाव. लोक त्याच्याकडे जातात कारण तो दिसतो. तुम्ही दिसतच नाही. एक मोठा बोर्ड लावा, त्यावर तुमचा फोटो, तुमचं नाव, आणि ठणकावून सांगा, ही भाकरी माझी."

भागीबाईंना आधी घाम फुटला. पण त्या दिवशी त्यांची दोन जुनी, नेमानं येणारी गिऱ्हाइकं ललितकडे बसलेली दिसली, आणि संध्याकाळी त्या झिपरूला घेऊन नवनाथच्या दुकानात गेल्या.

नवनाथ फ्लेक्स छापायचा. पुढाऱ्यांचे वाढदिवस, नव्या दुकानांची उद्घाटनं, कुणाच्या पोराचं जावळ, सगळं त्याच्याकडे छापून मिळे. त्यानं उत्साहानं एक झगझगीत लाल-पिवळा बोर्ड बनवून दाखवला. बाईंनी तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"लाल नको. भडक दिसतंय."

नवनाथनं पांढरा केला.

"अन् ते 'चवीची राणी' काढा. लोक हसतील."

काढलं.

"'एकदा खाल, पुन्हा याल' पण नको. आपणच कसं बोलवायचं लोकांना?"

तेही गेलं. मग भाकरीचं चित्र गेलं, कारण ती भाकरी त्यांच्या भाकरीपेक्षा गोरी होती. राहिलं नुसतं नाव, आणि फोटो. बाईंकडे एकच होता, आधार कार्डाच्या वेळचा. डोक्यावर पदर, नजर खाली, चेहऱ्यावर असा भाव की सरकारला आपण उगाच त्रास देतोय. त्यातही मागचा रंग उडून फोटो जवळजवळ काळापांढरा झालेला.

"फोटोभोवती फुलं टाकू का? मोकळं वाटतंय," नवनाथ म्हणाला.

"टाका. फुलं बरी."

"आणि एकटाच फोटो?"

इथे भागीबाईंचा जीव पुन्हा कासावीस झाला. एवढ्या मोठ्या बोर्डावर आपण एकट्या? गावाकडची माणसं काय म्हणतील? "खाली आमच्या माणसांचे टाका," त्या म्हणाल्या. त्यामुळे खालच्या ओळीत झिपरू आला, थोरली बहीण चांगुणा आली, दीर-जावा आल्या. सगळे फोटो कुठल्याशा कागदपत्रांसाठी काढलेले, त्यामुळे एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. नवनाथनं मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना एकेक समई बसवली. समईला बाईंनी हरकत घेतली नाही. समई शुभ असते.

बोर्ड अंधार पडायच्या आत निंबाला बांधून झाला. आपला चेहरा एवढा मोठा बघून बाईंनी पदर पुढे ओढला, पण झिपरू म्हणाला, "चांगला दिसतोय." त्यानं कारखान्यात बोर्ड उचलले होते, वाचले फारसे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीबाई पीठ दळायला गिरणीत गेल्या आणि वीज गेली. एकलहऱ्याला वीज बनते आणि अंबडच्या गिरणीत ती नसते, यावर नाशिककरांनी वाद घालणं कधीच सोडून दिलंय. बाई पोत्यावर बसून राहिल्या. घरात फोन एकच, तो झिपरूकडे, आणि झिपरूचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा.

इकडे पहिल्या पाळीचे कामगार निंबाखाली आले तर गाडी झाकलेली आणि वर हा बोर्ड. पांढरा फ्लेक्स, फुलांची महिरप, समया, पदर घेतलेली बाई, खाली गंभीर चेहऱ्याचा परिवार. आपल्याकडे पुढाऱ्याचा फोटो वाढदिवसाला लागतो आणि साध्या माणसाचा केव्हा लागतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. एकानं दुचाकी थांबवून छातीला हात लावला. दुसऱ्यानं फोटो काढून पुढे पाठवला. कुणी झिपरूला फोन लावला तर तो बंद. बिचारा बोलायच्या मनःस्थितीत नसेल, असं सगळ्यांचं मत पडलं. दहाच्या सुमारास बोर्डाला झेंडूचा हार चढला आणि त्याच वेळी तो फोटो सुरगाण्याकडच्या एका मोबाइलवर जाऊन पोचला.

वीज आल्यावर दळण उरकून जेवणाच्या सुट्टीत भागीबाई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन वळणावर आल्या, तर निंबाखाली ही गर्दी. सगळे माना खाली घालून उभे. कुणी तरी गेलंय, एवढं त्यांना कळलं. अशा वेळी मध्ये घुसणं बरं नव्हे, म्हणून त्या रीतीनं मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही डबा सांभाळत डोळे मिटले.

"कोण गेलं?" त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं.

"भाकरीवाली मावशी," तो डोळे न उघडता म्हणाला.

"अरेरे," भागीबाई म्हणाल्या. अंबडात भाकरी विकणाऱ्या बाया काही कमी नाहीत. यातली कोण असेल बरं, असा विचार करत त्यांनी बिचारीसाठी मनापासून हात जोडायचा प्रयत्न केला, पण डबा होता.

मग भाषणं सुरू झाली. उज्वलाताई रडतच बोलल्या, की असं भुजं आता जन्मात मिळायचं नाही. एक फिटर म्हणाला, "माझं पोट बिघडलं होतं तर मावशीनं मला भाकरी दिली नाही. पेज करून दिली. आईनं केली असती तशी." ही गोष्ट भागीबाईंना ओळखीची वाटली. पेज तर त्यांनीच दिली होती. त्यांनी मान वर केली, माणसांच्या डोक्यांवरून बोर्ड पाहिला, आणि हार घातलेल्या फोटोत स्वतःलाच ओळखलं.

खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण बाईंचा स्वभाव. इतके लोक इतकं मनापासून बोलतायत, त्यांना मध्येच कसं तोडायचं? आणि खोटं कशाला बोला, ऐकायलाही गोड वाटत होतं. एवढं चांगलं आपल्याविषयी त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण दर वेळी मिठाचं खुसपट काढून त्यांनीच ते थांबवलं होतं. जिवंतपणी जे पुरं ऐकून घेतलं नाही ते त्या आता ऐकत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात ललितनं माइक घेतला. आज त्यानं गॉगल काढला होता आणि गाडीही बंद ठेवली होती, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"मावशी घाबरट होती," तो म्हणाला, "पण हात सोन्याचा. तिचं नाव बुडू नये ही आपली जबाबदारी आहे. म्हणून उद्यापासून या निंबाखाली माझी दुसरी गाडी लागेल. 'भागीबाईंची भाकरी.' तीच चव. बोर्ड तर आहेच."

लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही या संभ्रमात थोड्या वाजवल्या.

भागीबाईंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. निंब, गाडी, वर्षभर एकाच जागी पेटणारी चूल, आणि आता नावसुद्धा. त्यांना द्राक्षाच्या बांधावरचा तो प्लॅस्टिकचा कागद दिसला, वाऱ्यानं फडफडणारा. त्यांनी डोक्यावरचा डबा खाली आदळला. झाकण उडालं आणि पिठाचा ढग उठला.

"ती जागा माझी हाय," त्या म्हणाल्या.

आवाज कुणाचा, हे त्यांना स्वतःलाही क्षणभर कळलं नाही. गर्दी वळली. पिठानं राखाडी झालेली भागीबाई समोर बघून फिटर दोन पावलं मागे सरला.

"जागा माझी, नाव माझं, अन् चटणी तर तुला सात जन्मात जमायची नाय. खुरासणी जाळतोस तू. रोज वास येतो पलीकडून, मी बोलत नाय म्हणून काय मला नाक नाय?"

"मावशी, तुम्ही तर..." ललितचा माइक चालूच होता.

"नाय मेले. गिरणीत लाइट नव्हती."

याच वेळी सुरगाण्याची जीप येऊन थांबली. चांगुणा छाती पिटत उतरली, ती थेट बोर्डाकडे धावली, आणि बोर्डाला कवटाळून रडता रडता तिला बाजूला उभी असलेली बहीण दिसली. तिनं रडणं थांबवलं नाही, फक्त त्यात शिव्या मिसळल्या.

"जिती हायेस तर बोलायचं होतं ना, भागे. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाय आमच्या."

"बोलते आता," भागीबाई म्हणाल्या. "बसा सगळे. जेवून जा."

त्यांनी चूल पेटवली. त्या दिवशी सुरगाण्याच्या माणसांबरोबर सगळी सभा जेवली, आणि ललितनं पाण्याचे ग्लास भरून दिले. हार मात्र भागीबाईंनी स्वतःच्या हातानं उतरवला आणि गाडीच्या पुढच्या बाजूला बांधला. ताजा होता, वाया कशाला घालवायचा.

संध्याकाळी त्या पुन्हा नवनाथच्या दुकानात गेल्या. नवनाथनं हात जोडून माफी मागितली.

"तुमचा काय दोष," बाई म्हणाल्या. "मीच एकेक करून सगळं काढत गेले. आता फोटो काढा नवा. लाल टाका, पिवळा टाका. ते राणीबिणी नको, पण 'भागीबाईंची भाकरी' एवढं मोठ्ठं लिहा, की समोरच्या गाडीवरून वाचता यावं."

त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पदर सावरला, पण पुढे ओढला नाही. नजर एकदा खाली गेली, ती त्यांनी ओढून वर आणली आणि कॅमेऱ्याकडे अशी रोखली की नवनाथच जरा चपापला.

"अन् खाली आमचे फोटो?" दारात उभ्या झिपरूनं विचारलं.

"तुम्ही भाकरी भाजता का?"

झिपरूनं प्रामाणिकपणे मान हलवली. नाही भाजत.

तो बोर्ड अजून निंबाला आहे. दुचाकीवाले वळणावर जरा हळू होतात, कारण बाई थेट आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. परवा कारखान्यात नवाच लागलेला कुणी तरी गाडीजवळ घुटमळला आणि त्यानं विचारलं, "मावशी, आज काय खास?"

भागीबाईंनी तव्यावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"सगळं खास हाय. मी केलंय."