चुलीवरचं रशियन बंदर

शुद्धलेखन चुकलं, अक्षर वाकडं आलं, तर माफी असावी. मी चौथीपर्यंतच शिकले.

पिरंगुटला कंपन्या आल्यावर आम्ही घरातली एक खोली भाड्याने दिली. तिथे जुन्या वस्तू विकणारा एकजण राहायचा. बोलताना मान खाली, आणि दर वाक्यामागे "वहिनी, विश्वास आहे ना?" त्या विचारण्यानेच मला संशय यायचा.

एकदा त्याने रशियातल्या बंदराचं चित्र आणलं. मुंबईला लिलावात लावायच्या खर्चासाठी माझे अंड्यांचे साठवलेले पैसे उसने घेतले.

"किती जुनं हाय?" मी विचारलं.

"शंभर वर्षांचं. विश्वास आहे ना?"

मग दमट हवेचं कारण सांगून त्याने ते माझ्या चुलीवर टांगलं. मी भाकरी भाजायचे आणि जहाजांची पांढरी शिडं दिवसागणिक पिवळी पडायची.

सासूबाई म्हणाल्या, "शंभर वर्सं तर तूच घालतीयास की गं त्याला."

दिवाळीनंतर तो चित्र विकून परत आला. त्या दिवशी विश्वासाचं काही न विचारता त्याने माझे सगळे पैसे हातात ठेवले. मीही काही न विचारता ते पदराला बांधले.